माझे केस आणि बिल्डिंगचं बोअरिंग

सांगूनच टाकते एकदाचं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं बोअरिंगचं पाणी मी बंद पाडलं होतं, आणि कारण काय, तर माझे केस गळत होते. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही, कुणाच्या घरात तान्हं बाळ, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस. पण माझ्या फणीत केसांचा पुंजका आला ना, मग बास. बंद करा ते पाणी! चाळिशी कधीच उलटली होती, पन्नाशी कोपऱ्यावर उभी राहून माझी वाट बघत होती, आणि मी तिच्याकडे न बघता प्लंबरकडे बघत होते.

आता मी आजी आहे. डोक्यावर जे काही उरलंय ते पांढरं आहे, थोडं आहे, आणि माझ्याशी भांडत नाही. दुपारची जेवणं आटोपली की मी खिडकीशी आडवी होते. डोळा लागतो न लागतो, खालून भंगारवाल्याची आरोळी लांबत लांबत विरून जाते, पडदा फुगतो आणि परत बसतो, आणि अशा वेळी तेव्हाची ती बाई मला दिसते. वाफेनं भरलेल्या बाथरूमच्या आरशासमोर ती उभी असते. हातानं आरसा पुसते, स्वतःला बघते न बघते तोच परत वाफ धरते, ती पुन्हा पुसते. मला हसू येतं. म्हणावंसं वाटतं, अगं बये, राहू दे ना धुरकट. पण ती कसली ऐकते! तिला सगळं लख्ख बघायचं असतं, आणि नेमकं जे समोर असतं तेवढं सोडून.

लालबागच्या चाळीतून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा गोडदेवच्या बाजूला सगळं इतकं दाटलेलं नव्हतं. गच्चीवर गेलं की लांबवर मिठागरं दिसायची. चौकोनी वाफे, त्यांत साचलेलं आकाश, आणि कडेनं मिठाचे पांढरे ढीग. उन्हाच्या वेळी ते असे चमकायचे की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरे राहायचे. खाडीकडून वारा आला की त्याला चिखलाचा, मिठाचा, सुक्या मासळीचा असा एकत्र वास असायचा. मला तो आवडायचा, पण पाहुण्यांसमोर मी नाकाला पदर लावायचे. तेव्हा मी तशीच होते.

आमच्या नळांना दोन पाणी. एक कॉर्पोरेशनचं, प्यायचं, ते मोठ्या घरच्या पाहुण्यासारखं, आलं तर आलं, आणि आलं की सगळ्या घरानं उठून उभं राहायचं. दुसरं बोअरिंगचं, वापरायचं. ते घरजावयासारखं कायम हजर, पण चव खारट. त्यात साबणाला फेस येत नसे. बादलीच्या कडांना पांढरी खरपुडी धरायची, नळाच्या तोंडाशी पांढरे थर बसायचे. खाऱ्या पाण्याला आम्ही सगळेच शिव्या द्यायचो, पण वापरायचोही, जसं घरजावयाचं करतात.

माझे केस हा माझा तोरा होता. रंग सावळा, उंची बेताची, नाक जरा बसकंच, पण वेणी कमरेखाली. लग्न ठरवताना सासूबाईंनी दुसरं काही विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या, "जरा पाठमोरी हो बघू." झालं. मी आयुष्यभर पाठमोरीच जिंकत आले. हळदीकुंकवाला गेले की मुद्दाम मागे वळून चपला काढायचे, म्हणजे बघणाऱ्यांना वेणी नीट दिसावी. कुणी "केवढे बाई केस!" म्हणालं की मी "छे हो, आता कुठे पूर्वीसारखे" असं म्हणायचे. पूर्वीसारखेच होते ते, मला माहीत होतं.

आणि मग खरंच नाही राहिले.

आधी फणीत. मग उशीवर. मग लादीवर. पंख्याच्या वाऱ्यानं लांब केस लादीवरून असे सरकत जायचे, जसे कुणी हळूच काहीतरी लिहितंय आणि पुसतंय. यांनी एकदा वरणातून एक केस काढला, दोन बोटांत धरून उजेडाकडे बघितला आणि म्हणाले, "तुझाच आहे. लांबीवरून ओळखला." मला वाटलं, प्रेमानं म्हणाले. मग म्हणाले, "उद्यापासून डोक्याला रुमाल बांधून फोडणी घाल."

भांग रुंद होत चालला होता. पूर्वी शेतातली पाऊलवाट असावी तसा होता, आता त्यावरून बैलगाडी गेली असती. कातडीही काही वेगळंच बोलायला लागली होती. पोटऱ्या खाजायच्या, कोरड्या, खवल्यांसारख्या. टिकलीच्या जागी गोल काळपट चट्टा पडला, इतकी वर्षं तीच टिकली, तोच गोंद, आताच काय झालं? गालांवर वांग पसरला. त्याच गालांवर मुलीच्या वयाचे फोडही आले. मुलगी तेव्हा कॉलेजात जायची. आम्ही दोघी एकाच आरशात एकाच वेळी पुटकुळ्या मोजायचो. ती म्हणायची, "आई, माझा फेसवॉश कोण संपवतंय?" आणि मी म्हणायचे, "बाबांना विचार." आणि सगळ्यात मोठी चेष्टा म्हणजे हनुवटी. डोक्यावरची बिऱ्हाडं भराभरा जागा खाली करत होती, आणि हनुवटीवर एकेक नवा भाडेकरू येऊन राहत होता. काळाभोर, राठ, आणि भाडंही न देणारा.

पाळीचं म्हणाल, तर तीही लहरी झाली होती. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी गौरी बसवायच्या दिवशीच नेमकी दारात. पण केस, कातडी, पाळी, चिडचीड, हे सगळं एकाच घरातलं असेल असं माझ्या मनात आलं नाही. मला वाटायचं, पाळी जाते म्हणजे एका महिन्यात येत नाही आणि मग कधीच येत नाही, दिवा विझल्यासारखी. जाण्याच्या आधी ती काही वर्षं घरभर फिरते, कपाटं उघडते, सामान हलवते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आई कधी बोलली नाही. सासूबाई एवढंच म्हणायच्या, "आता सुटलीस," पण त्या तर नंतरचं बोलत होत्या.

मग एके दिवशी सकाळी बादली घासताना माझी नजर त्या पांढऱ्या खरपुडीवर गेली, आणि डोक्यात वीज चमकली. बादलीची ही दशा होते, मग माझ्या टाळूची काय होत असेल! मला सगळं उमगलं. इतकं उमगलं की ब्रश बादलीतच टाकून मी गच्चीवर टाकी बघायला गेले. टाकीच्या झाकणाखाली हिरवट अंधार होता, त्यात माझं तोंड डुचमळत होतं. मी त्या पाण्याकडे असं बघितलं जसं पोलीस गुन्हेगाराकडे बघतात.

त्या दिवसापासून मी पुरावा जमवायला लागले. कैरीच्या लोणच्याची काचेची रिकामी बरणी घासूनपुसून घेतली आणि रोज फणीतले केस तीत टाकायला लागले. ती बरणी मी बाथरूमच्या खिडकीत ठेवली होती. दुपारी ऊन तिच्यातून जायचं तेव्हा आतले केस तपकिरी, तांबूस, मधूनच चंदेरी दिसायचे, एखाद्या पक्ष्यानं आत घरटं बांधायला घेतल्यासारखे. मी कितीतरी वेळ बघत बसायचे. आज वाटतं, ती बरणी नुसती बघत बसले असते तरी चंदेरी धागा दिसला असता. पण मला बघायचं होतं ते पाणी.

जनरल मीटिंग पार्किंगमध्ये भरली. आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे, आमच्यासारखेच लालबागहून आलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले, डोकं गुळगुळीत. त्यांच्या टेबलावर मी बरणी ठेवली.

"हे काय आहे वहिनी?" त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"बोअरिंगच्या पाण्याचा प्रताप."

"अहो, झाकण नीट लावलंय ना?"

"भाऊसाहेब, घाबरू नका, चावत नाहीत. या बिल्डिंगमधल्या बायकांच्या डोक्यावर हे पाणी पडतं आणि हे असं होतं."

ते बिचारे हळूच म्हणाले, "वहिनी, माझे तर लालबागला असतानाच गेले. तिथे गोडं पाणी होतं."

"पुरुषांचं वेगळं असतं!" मी ठणकावलं. माझ्या आयुष्यात मी अजाणता बोललेल्या खऱ्या गोष्टींमध्ये ही एक.

दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन लगेच उठल्या. "सही बोलती है भाभी. देखो ना, मेरे भी कितने जाते हैं!" म्हणत त्यांनी अंबाड्याला हात घातला आणि पुरावा जागेवर सादर केला. मग काय, बायका एकेक करून पुढे यायला लागल्या. मेंदीचे लाल केस, काळ्या रंगानं रंगवलेले केस, मुळाशी पांढरे आणि टोकाशी काळे केस. बरणी गच्च भरली. त्यांत एक गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती. नव्यानं लग्न होऊन आलेल्या पोरींपैकी एकीनंही बरणीत केस टाकला नव्हता. कॉलेजातल्या मुली तर मीटिंगला फिरकल्याच नव्हत्या. बरणीत केस घालणाऱ्या आम्ही सगळ्या चाळीस आणि पन्नासच्या मधल्या होतो. पाणी काय वय विचारून अंगावर पडतं होय? पण हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नाही. माझ्यासारखं नेतृत्व मिळाल्यावर प्रश्न पडतो कशाला!

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या वहिनी मात्र मागेच उभ्या होत्या. मी त्यांना वहिनी म्हणायचे, त्या मला ताई. मूळच्या रत्नागिरीकडच्या, अंधेरीला ऑफिसात जायच्या, आणि घरी सासूबाई अंथरुणावर. त्यांचे केस दाट होते, अजून. ते मला दिसत होतंच. मतदानाला त्यांनी हात वर केला, पण अर्धाच, कोपरापर्यंत. मी मनात म्हटलं, हिचं काय जातंय, हिचे आहेत ना डोक्यावर.

बोअरिंग बंद झालं. पाण्याचा नमुना तपासून येईपर्यंत आणि दुसरी काही सोय होईपर्यंत फक्त कॉर्पोरेशनचं पाणी वापरायचं, कमी पडलं तर खाली टँकर येणार, आणि तिथून बादलीनं वर न्यायचं. मी जिंकले. बायका मला पाणीवाल्या ताई म्हणायला लागल्या. केबिन रोडवर भाजी घेताना बाजूच्या बिल्डिंगमधल्या बायका थांबवून विचारायच्या, "आमच्याकडे पण येऊन बोलाल का?" मी मान एका बाजूला कलती करून म्हणायचे, "बघते, वेळ मिळाला तर." वेणी आता उंदराच्या शेपटीएवढी उरली होती, तरी मी मुद्दाम पाठ दाखवून चालायचे.

आणि जिना भिजायला लागला. पायऱ्यापायऱ्यांवर सांडलेलं पाणी, बादल्यांच्या कड्यांचे आवाज, दम टाकण्याचे आवाज. मी आमचं पाणी यांना आणायला लावायचे, ते निमूट आणायचे. एका संध्याकाळी मी खाली उतरत होते आणि समोरच्या वहिनी दोन बादल्या घेऊन वर येत होत्या. ऑफिसची पर्स अजून खांद्याला तशीच. सासूबाईंचं सगळं अंथरुणातच, पाणी लागायचंच. मी म्हटलं, "वहिनी, द्या एक इकडे." त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई. तुमचे केस थांबले ना? मग झालं." टोमणा असता तर मी परतवला असता. टोमणा नव्हताच तो. त्या खरंच तसं म्हणत होत्या, आणि जिन्यातल्या ओल्या पायरीवरून पाय निसटावा तसं मला झालं.

कारण केस थांबले नव्हते. मी स्वतःला सांगत होते, जुना खार अंगात भिनलाय, निघायला वेळ लागणार.

त्याच सुमाराला भावाकडे सत्यनारायण होता म्हणून मी माहेरी गेले, रायगडातल्या आमच्या गावी. परसात विहीर, पाणी असं गोड की चहात साखर कमी घालावी. मी मनाशी ठरवूनच गेले होते, या पाण्यानं न्हायचं, रोज. भावजय शिकेकाई कुटून ठेवायची, मी दगडावर बसून न्हायचे. सकाळचं ऊन नारळाच्या झावळ्यांतून गळत अंगावर पडायचं, पाण्याची धार खांद्यावरून उतरायची, आणि मला वाटायचं, मी आता पुन्हा हळूहळू भरत चाललेय, विहीर भरते तशी. एकदा न्हाऊन झाल्यावर विहिरीत वाकून बघितलं. लोक सांगतात, असं बघितलं की आपली आई दिसते, आजी दिसते. मला बेडूक दिसला. तो माझ्याकडे बघत होता, अगदी सेक्रेटरींसारखा.

आणि त्या गोड पाण्यातही केस जात होते. दगडाच्या खाचेत, मोरीच्या तोंडाशी, उशीवर. तेवढेच. किंबहुना शिकेकाईनं चोळल्यामुळे जरा जास्तच. भावजय माझ्याच वयाची. ती दोरीवर लुगडं वाळत घालत होती, तिच्या भांगावर ऊन पडलं आणि मला तिची टाळू चकाकताना दिसली.

"तुझे पण जातात?" मी विचारलं.

"जातात की. दोनेक वर्षं झाली."

"पण तुमचं पाणी तर गोड आहे!"

ती चिमटा लावता लावता थांबली. "वन्सं, पाण्याचा काय संबंध?"

 लुगड्यामागून ऊन आरपार येत होतं, विहिरीच्या रहाटाचा आवाज कुठूनतरी झोपेतून आल्यासारखा येत होता. परीक्षेचा पेपर देऊन घरी आल्यावर आठवावं की आपण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहून आलोय, तसं मला झालं.

भाईंदरला परत आल्यावर मी कुणाला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल पोरगी. मी बसल्या बसल्या पाण्याचं सांगायला सुरुवात केली, खार, खरपुडी, टाकी, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळी कशी आहे, काकू?"

"आहे की. येते. तिच्या मनाला येईल तेव्हा येते."

"अशी केव्हापासून?"

मी सांगितलं. तिनं माझ्या भांगावर बॅटरी मारली, पोटऱ्या बघितल्या, हनुवटी बघितली. हनुवटी बघताना मी डोळे मिटून घेतले, जणू मी डोळे मिटले की तिला दिसणार नाही.

"काकू, पाण्यानं केस राठ होतील, तुटतील, कातडी अजून कोरडी पडेल. पण हे असं मुळापासून विरळ होणं, भांग रुंद होणं, अंग सुकणं, हे बहुतेक आतून चाललंय. पाळी थांबायच्या आधीची काही वर्षं अशी असतात. इस्ट्रोजेन कधी वर जातं, कधी खाली येतं, आणि शेवटी खालीच राहतं. केसांची वाढ त्याच्यावर असते, कातडीतला ओलावाही. थायरॉइड आणि रक्तातलं लोह बघून घेऊ, तेही कमी असलं तर केस जातात. पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही."

"म्हणजे म्हातारी झाले."

"म्हातारी नाही. मधली."

मधली! मी घरी येईपर्यंत हा शब्द तोंडात घोळवत होते, आवळा चघळल्यासारखा. आधी तुरट, मग पाणी प्यायलं की गोड. लोह खरंच कमी निघालं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. अंग ओलं असतानाच क्रीम लावायचं, कडक साबण सोडायचा, उन्हात जाताना तोंडाला सनस्क्रीन लावायचं, टिकलीऐवजी काही दिवस कुंकू. एवढंच काय ते. केस पहिल्यासारखे होतील असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

आता मी बिल्डिंगमध्ये जाऊन सांगायचं होतं. किती सोपं! पण मी सांगितलं नाही. दिवस गेले, आठवडे गेले. जिना ओलाच. मी दार लावून घरात बसायचे आणि बादल्यांचे आवाज ऐकायचे. काय सांगणार? की पाण्यात दोष नाही, दोष माझ्या वयात आहे? पाणीवाल्या ताईंना पाळी चुकायला लागलीय, म्हणून तुमची कंबर मोडली? आमच्या बिल्डिंगमध्ये हा शब्द बायका आपसातसुद्धा तोंडानं म्हणायच्या नाहीत, नुसत्या भुवया उंचावून म्हणायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी सांगितलं असतं तर माझी वेणी गेली हे मला स्वतःला कबूल करावं लागलं असतं. तोपर्यंत निदान ती चोरीला गेलेली होती.

दुपारी डोळा लागला की एक स्वप्न पडायचं. नळ उघडला की पाण्याऐवजी केस यायचे, लांब, मऊ, काळेभोर, संथपणे, तेलाच्या धारेसारखे. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका ते बादल्यांत भरून घ्यायच्या आणि वर चढायच्या. कुणी कुरकुर करायचं नाही. मिठागरांवरून पांढरा उजेड जिन्यात यायचा, आणि मी वरच्या पायरीवर उभी राहून म्हणायचे, माझे आहेत ते, माझे आहेत. पण माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. जाग यायची तेव्हा बाहेर खरंच कुणीतरी बादली ठेवून दम खात असायचं.

शेवटी परत मीटिंग लागली. नमुना तपासून आला होता. पाणी जड आहे, खारट आहे, प्यायचं नाही, वापरायला हरकत नाही. म्हणजे जे आम्हाला बादलीनं आधीच सांगितलं होतं तेच. पण सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, "तरीसुद्धा, आमच्या भगिनींच्या त्रासाचा विचार करून, आपण पाणी मऊ करायचं मशीन बसवू या. सगळ्यांनी वर्गणी काढायची." टाळ्या झाल्या. "आणि मशीनवर नारळ," ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "पाणीवाल्या वहिनींच्या हस्ते."

सगळे माझ्याकडे वळले. मागे, खांबाला टेकून, समोरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी टाळी वाजवायला हात वर केले, तळव्यांना बादलीच्या कड्यांचे वळ पडलेले होते, लाल, आडवे. त्यांनी त्या हातांनी टाळी वाजवली.

मी उठले.  पुरुष मंडळी डाव्या बाजूला, त्यांत हेही, मोबाइलमध्ये डोकं घालून.

"मशीन नको," मी म्हटलं.

"का हो वहिनी?"

"पाण्याचा दोष नाही."

"मग?"

"माझं... म्हणजे आम्हा बायकांचं... एक असतं."

"काय असतं?" सेक्रेटरींना खरंच कळत नव्हतं. रेल्वेत आयुष्य गेलेलं. त्यांना वाटत होतं, काहीतरी नियम असेल.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मोबाइल खाली ठेवला होता. चेहऱ्यावर असा भाव, जसा वरणात केस सापडल्यावर असायचा. मग मी कुणाकडेच न बघता, पार्किंगच्या भिंतीवरल्या ओल्या डागाकडे बघत, एका दमात बोलून टाकलं. "पाळी जायच्या आधी काही वर्षं बाईचे केस असेच विरळ होतात. अंग कोरडं पडतं, खाज येते, तोंडावर डाग येतात. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. माहेरच्या गोड्या पाण्यात न्हाऊन आले, तिथेही गेले. बरणीत ज्यांनी ज्यांनी केस टाकले त्यांनी आपापलं वय आठवून बघा. आणि लोह, थायरॉइड तपासून घ्या. बोअरिंग उद्या सकाळी चालू करा. आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्यापायी एवढे दिवस पाणी वाहिलंत, त्याबद्दल मला शिव्या द्यायच्या असतील तर आत्ताच द्या, नंतर जिन्यात नको."

 एका माणसानं खोकून बघितलं. कुणाचीतरी स्कूटर टिकटिक करत थंड होत होती. गुजराती बेन हळूच आपल्या अंबाड्याला हात लावून बघत होत्या, जणू कुणी त्यात चिठ्ठी ठेवली होती. मग सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पुढचा विषय पुकारला, "गच्चीचं वॉटरप्रूफिंग." बिचाऱ्याचा आवाज जरा चिरकला, पण पुकारला.

मी तिथून निघाले. हे माझ्या मागे दोन पायऱ्या अंतर ठेवून येत होते आणि काही बोलत नव्हते, ही यांची मोठी कृपा. जिन्यात उजेड होता, पण कुठून येत होता कळत नव्हतं. भिंती ओल्या, पायऱ्या ओल्या, सगळं जरा तरंगल्यासारखं. डोकं हलकं वाटत होतं. केस कमी झाले म्हणून असेल, असं मी मनात म्हटलं आणि एकटीच हसले. हसताना पहिल्यांदाच वाटलं की ती पाठमोरी बाई, जिला बघून सासूबाईंनी होकार दिला होता, ती मला सोडून पुढच्या वळणावरून कधीच वर निघून गेलीय, आणि मला तिच्या मागे धावायचं नाहीये.

दाराशी पोचले तोच मागून पावलं आली. समोरच्या वहिनी. धापा टाकत होत्या, हातात या वेळी बादली नव्हती. मला वाटलं, आता ऐकायचं. ऐकायलाच हवं होतं, त्यांचे हात मी बघितले होते. मी यांना आत पाठवलं आणि उभी राहिले. त्यांनी जिन्यात खाली वाकून कुणी येत नाही ना ते बघितलं, मग आणखी जवळ आल्या, इतक्या जवळ की त्यांच्या केसांतल्या तेलाचा वास आला, आणि माझा दंड धरून दबक्या आवाजात म्हणाल्या,

"ताई, मग मला एक खरं सांगा, भर थंडीत मधेच अंगाची नुसती लाही होते, मानेपासून घामाच्या धारा लागतात आणि दहा मिनिटांत सगळं गार, यातही त्या पंख्याचा काही दोष नसणार ना? दोन वायरमन बदलले हो मी, आणि आता यांच्या मागे लागून एसी ठरवलाय!"